रायफल नवी, नेम जुनाच

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर पडायला लागतो. ऑफिसच्या कॉफी मशिनपाशी, बंदुकांच्या दुकानात, शूटिंग रेंजच्या पार्किंगमध्ये. घरात वडिलांची किंवा आजोबांची एक जुनी शिकारीची रायफल आहे. तिची नळी, दस्ता, चाप बदलून ती ‘कस्टम’ करून घ्यावी, की सरळ नवी विकत घ्यावी? नोव्हेंबरमध्ये हरणांचा मोसम सुरू होतो, त्यामुळे निर्णयाची घाई असते, आणि घाई असली की माणूस क्रेडिट कार्डानं विचार करतो.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि गेले तीन मोसम रीतसर परवाना काढून शिकारीला जातो. या वादातल्या दोन्ही बाजूंचे लोक माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातले आहेत. माझं म्हणणं असं आहे की त्यातल्या बहुतेकांनी दोन्हीपैकी काहीच करू नये. जुनी रायफल सुरक्षित आहे ना हे तपासावं, बिघडलंय तेवढंच दुरुस्त करावं आणि उरलेले सगळे पैसे काडतुसांवर आणि सरावावर घालावेत. रायफलवर उडवले जाणारे बरेचसे पैसे सराव टाळण्यासाठी उडवले जातात. आणि त्याची किंमत दुकानदार मोजत नाही, शिकारी मोजत नाही, हरीण मोजतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दरवाजे बंद होत गेले, त्यामुळे हा विषय आपल्याकडे कुणाच्या घरात निघत नाही. इथे चित्र वेगळं आहे. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो. कुठे किती हरणं मारायची ते राज्याचं खातं ठरवतं. १९७३ पासून पुढे जन्मलेल्या माणसाला सुरक्षिततेचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. अंगावर भडक नारिंगी कपडे सक्तीचे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतात. शिकार मुळात करावीच का, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याशी भांडणारे मित्र मला आहेत. पण ज्यानं चाप ओढायचं ठरवलंच आहे, त्याच्यावर एक जबाबदारी येते: जनावर चटकन मेलं पाहिजे. रायफलबद्दलचा प्रत्येक युक्तिवाद मी या एका वाक्याला घासून पाहणार आहे.

कस्टमवाले

आधी वस्तू समजून घेऊ. रायफलच्या मध्यभागी रिसीव्हर नावाचा पोलादी सांगाडा असतो. त्यात पुढून आट्यांनी नळी घट्ट बसवलेली असते. आत बोल्ट पुढेमागे सरकतो, खाली चाप, वर दुर्बीण, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा लाकडाचा किंवा फायबरचा दस्ता. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ म्हणजे रिसीव्हर. नंबर त्याच्यावर कोरलेला असतो. बाकीचे सगळे सुटे भाग, आणि ते पुस्तकांसारखे घरपोच मागवता येतात. कस्टमचा अख्खा बाजार या व्यवस्थेवर उभा आहे.

या परंपरेला इतिहास आहे आणि तो चांगला आहे. थिओडोर रूझवेल्टनं १९०३ ची लष्करी स्प्रिंगफील्ड रायफल स्वतःसाठी शिकारीच्या सोयीची करून घेतली आणि १९०९ च्या आफ्रिका सफरीत बरोबर नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफील्ड, अमेरिकी स्प्रिंगफील्ड अशा रायफली ढिगानं बाजारात आल्या. लोकांनी गॅरेजमध्ये बसून त्यांचे दस्ते तासले, नळ्या आखूड केल्या, दुर्बिणीसाठी भोकं पाडली. याला ‘स्पोर्टराइझ’ करणं म्हणतात. तेव्हा त्यात शहाणपण होतं, कारण कारखान्यातली नवी शिकारी रायफल महाग होती आणि लष्कराची जुनी स्वस्त.

आज हिशेब नेमका उलटा झाला आहे. चांगली नळी आणि ती बसवण्याची मजुरी मिळून हजार डॉलरच्या आसपास जातात. वर दस्ता, चाप, रंगकाम. बघता बघता दोन हजारांचा आकडा दिसायला लागतो, आणि अर्ध्या मोसमात कारागीर फोन उचलत नाही ते वेगळंच. काटकसरीसाठी सुरू झालेली परंपरा आता चैनीची झाली आहे. त्यात गंमत अशी की त्या काळी भोकं पाडलेल्या स्प्रिंगफील्डपेक्षा कुणी हात न लावलेल्या स्प्रिंगफील्डला आज जास्त किंमत मिळते. ‘सुधारणा’ करणाऱ्यांनी वस्तूची किंमत स्वतःच्या हातानं कमी केली.

पैशाचा मुद्दा हरला की कस्टमवाले भावनेचा मुद्दा काढतात. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याकडे वडिलांची सत्तरच्या दशकातली थर्टी-ऑट-सिक्स आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. बाबांची रायफल चालू ठेवायची, असं म्हणून त्यानं यादी केली होती: नवी नळी, नवा फायबरचा दस्ता, नवा चाप, नवी दुर्बीण. मी त्याला विचारलं, यात बाबांचं काय उरतं? तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, रिसीव्हर. म्हणजे कायद्याच्या लेखी रायफल बाबांचीच. पण अक्रोडाच्या ज्या दस्त्यावर त्यांच्या गालानं पॉलिश घासलं गेलंय, कुंपणाच्या तारेचा ज्यावर ओरखडा आहे, तो माळ्यावर जाणार. आठवण जपायची असेल तर वस्तू जशी आहे तशी जपावी लागते. जिम कॉर्बेटचं उदाहरण घ्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्याला रिग्बी कंपनीची पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह रायफल भेट मिळाली. २०१५ मध्ये त्याच कंपनीनं ती परत मिळवली. ती कॉर्बेटनं वापरली तशी असल्यामुळेच तिला मोल आहे. उद्या कुणी तिला कार्बन फायबरची नळी बसवली तर तो गुन्हा वाटेल, आणि वाटायलाच हवा.

नवेवाले

नव्याच्या बाजूचा युक्तिवाद जास्त भक्कम आहे, म्हणून तो पूर्ण ताकदीनं मांडायला हवा. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे पोलाद कापण्यातली अचूकता स्वस्त झाली. २००३ मध्ये फिनलंडची टिक्का टी-थ्री आली, २०१२ च्या सुमारास रुगर अमेरिकन आली. आज पाचशे-सहाशे डॉलरांत मिळणारी साधी कारखानी रायफल शंभर यार्डांवर इंचाच्या आसपास गोळ्या घालते. आपल्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी थाप समजून सोडून दिलं असतं. शिवाय गंजणार नाही असा दस्ता, चांगला चाप, दुर्बिणीचे तयार माउंट. मग जुन्या लोखंडाला कुरवाळत कशाला बसायचं?

यातली माहिती खरी आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिली गोष्ट, नवं म्हणजे नेहमी चांगलं असं या धंद्यात कधीच नव्हतं. विंचेस्टरचं मॉडेल ७० हे १९३६ मध्ये आलं आणि गाजलं. १९६४ मध्ये कंपनीनं उत्पादनखर्च कमी करण्यासाठी त्याची रचना बदलली. आज साठ वर्षं झाली, तरी लोक जुन्या बाजारात ‘चौसष्टच्या आधीची आहे का’ असं विचारत फिरतात.

दुसरी गोष्ट, ‘इंचाची रायफल’ या जाहिरातीच्या वाक्यात एक चलाखी दडलेली असते. तो इंच बहुतेक वेळा तीन गोळ्यांचा असतो. थोडी संख्याशास्त्राची ओळख असलेल्या कुणालाही कळेल की तीन नमुन्यांवरून पसारा मोजणं म्हणजे तीन मित्रांना विचारून निवडणुकीचा निकाल सांगणं. त्याच रायफलीनं, त्याच माणसानं तीनऐवजी दहा गोळ्या झाडल्या तर गटाचा सगळ्यात मोठा व्यास सरासरी दीडपटीहून जास्त येतो. रायफल तीच, फक्त मोजमाप प्रामाणिक झालं. अनेक लोक जुनी रायफल ‘दीड इंचाची’ म्हणून विकतात आणि ‘एक इंचाची’ नवी घेतात, आणि त्यांना हे कधीच कळत नाही की दोन्ही आकडे एकाच ढिगातून आलेले असू शकतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. समजा नवी रायफल खरोखरच दुप्पट अचूक आहे. त्यानं काय होतं?

चार ओळींचा हिशेब

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं ज्या भागात असतात तो साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. गोळी तिथे लागली की जनावर काही सेकंदांत संपतं. आता समजा तुमची जुनी रायफल शंभर यार्डांवर दीड इंचाचा गट देते. आणि तुम्ही स्वतः, टेबलाशिवाय, जंगलात बसतो तसं गुडघ्यावर कोपर टेकवून, चार इंच इकडेतिकडे करता. वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्या माणसासाठी हा आकडा मी उदारपणे धरतोय.

या दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. दीडचा वर्ग सव्वादोन, चारचा वर्ग सोळा, एकूण सव्वाअठरा, वर्गमूळ सुमारे ४.३ इंच. आता दोन हजार डॉलर घालून रायफलची चूक निम्मी करा, पाऊण इंच. पुन्हा तोच हिशेब: उत्तर सुमारे ४.१ इंच. म्हणजे दोनशे यार्डांवर पसारा साडेआठ इंचांवरून आठ इंचांच्या किंचित वर आला. हरणाची छाती आठच इंचांची आहे.

आता रायफलला हात लावू नका. फक्त सराव करून स्वतःची चूक चारवरून अडीच इंचांवर आणा. उत्तर २.९ इंच. दोनशे यार्डांवर सहा इंचांहून थोडं कमी. आत्ता कुठे तुम्ही छातीच्या आत आलात, त्याच जुन्या, दीड इंचाच्या, बाबांच्या रायफलीनं.

आमच्या व्यवसायात हे शेंबडं पोरही जाणतं. प्रोग्राम हळू चालतोय तर आधी मोजा, कुठला भाग वेळ खातोय ते बघा, मगच तो सुधारा. जीन ॲमडालनं १९६७ मध्येच मांडलं होतं की व्यवस्थेतला एखादा छोटा भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी एकूण फायद्याला मर्यादा राहते. ऑफिसात कुणी न मोजता सर्व्हर बदलायला निघाला तर आम्ही मीटिंगमध्ये त्याची सालटी काढतो. तीच मंडळी शनिवारी दुकानात जाऊन न मोजता रायफल बदलतात. सर्वांत मोठी चूक दस्त्याच्या मागे उभी आहे आणि तिच्यासाठी सुटे भाग मिळत नाहीत, हे कुणाला ऐकायचं नसतं.

गेल्या मोसमात आमच्या गटातल्या एकाकडे कोरी करकरीत रायफल होती. खोक्यातून काढून तिचा नेम बसवायला जेवढ्या गोळ्या लागल्या तेवढ्याच त्यानं झाडल्या होत्या, त्याही टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोनशेवीस यार्डांवरच्या हरणीवर उभ्यानं गोळी झाडली. मागच्या पायाला लागली. बर्फावर रक्ताचे थेंब होते, म्हणून माग काढणं सोपं वाटलं. आम्ही चार तास चालत राहिलो. थेंब लहान होत गेले, मग एका ओढ्यापाशी संपले. ती सापडली नाही. संध्याकाळी तो म्हणाला, दुर्बीण थोडी हलली असावी, पुढच्या वर्षी दुसरी बघतो. तिथे कुणी काही बोललं नाही. मला जे बोलायचं होतं ते मी इथे लिहितोय.

तपासायचं काय

‘काहीच करू नका’ याचा अर्थ रायफल कपाटातून काढून थेट जंगलात न्या असा नाही. क्रम असा असावा, स्वस्तापासून महागाकडे.

सगळ्यात आधी सुरक्षितता. चांगल्या कारागिराला दाखवा. बोल्ट आणि नळी यांच्यात काडतूस बसण्याच्या जागेचं माप गेजनं तपासून घ्या. ते चुकीचं असेल तर काडतूस आत फुटू शकतं. चाप आणि त्याचा खटका नीट चालतो का ते बघा. याला फार पैसे लागत नाहीत.

मग स्क्रू. दुर्बिणीचे आणि दस्त्याचे. ‘रायफल बिघडली’ म्हणून आलेल्या कितीतरी रायफली फक्त सैल स्क्रूंच्या असतात. खर्च एका पान्याचा.

मग सफाई. वर्षानुवर्षं गोळ्यांचं तांबं नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये साचतं. तांबं विरघळवणारं द्रावण आणि एक संध्याकाळ. खर्च एका पिझ्झाचा.

मग काडतूस. प्रत्येक नळीला एखादं काडतूस आवडतं, एखादं नाही. तीन-चार वेगवेगळ्या बनावटींची एकेक खोकी घेऊन दहा-दहा गोळ्यांचे गट करून पाहा. अनेकदा दोन इंचांची रायफल इथेच दीड इंचाची होते.

एवढं करूनही गट विखुरलेलाच असेल, तर नळीचं तोंड बघा. गोळी जिथून बाहेर पडते ती कडा ठेचली असेल तर लेथवर पुन्हा सरळ करून मिळते. लाकडी दस्ता दमट हवेत फुगून नळीला दाबत असेल तर तिथलं लाकूड थोडं तासून नळी मोकळी करतात आणि रिसीव्हरखाली इपॉक्सीची बैठक देतात. ही खरी दुरुस्ती. हिला ‘कस्टम’ म्हणायची गरज नाही आणि तिचे फोटो टाकायचीही नाही.

माझ्या सहकाऱ्यानं यादी बाजूला ठेवली आणि रायफल एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यानं माप तपासलं, नळी साफ केली, पुढचा सैल स्क्रू आवळला. बिल शंभर डॉलरच्या आत आलं. रायफल आता दीड इंचाच्या आतबाहेर गट देते. दस्ता बाबांचाच आहे.

यानंतर उरलेले पैसे. साध्या शिकारी काडतुसाची किंमत आज दीड ते अडीच डॉलर पडते. नव्या रायफलचे सहाशे डॉलर म्हणजे अडीचशे-तीनशे काडतुसं. उन्हाळाभर दर आठवड्याला वीस. टेबलावर फक्त नेम बसवण्यापुरत्या झाडा. बाकी सगळ्या बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना. घरी रिकाम्या रायफलीनं, काडतूस नाही हे दोनदा तपासून, भिंतीकडे नेम धरून चाप ओढण्याचा सराव रोज दहा मिनिटं. तो फुकट आहे आणि कंटाळवाणा आहे. कंटाळवाणा असल्यामुळेच त्याच्या जाहिराती होत नाहीत.

इथे नवेवाले शेवटचा पत्ता टाकतात: नव्या रायफलच्या खरेदीतून निसर्गसंवर्धनाला पैसे जातात. बरोबर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफलींवर ११ टक्के उत्पादन कर बसतो आणि तो वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. पण तोच ११ टक्के कर काडतुसांवरही आहे. तेव्हा निसर्गाच्या काळजीनं रात्री झोप येत नसेल, तर काडतुसं विकत घ्या.

नवी कधी घ्यावी

जुन्याची पूजा करायला मी निघालेलो नाही. काही जुन्या रायफलींना भिंतीवरच जागा आहे. १९०३ च्या स्प्रिंगफील्डचंच बघा. स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्यातल्या २,८५,५०७ च्या खालच्या नंबरांच्या रिसीव्हरचं पोलाद तापवताना नीट नियंत्रण नव्हतं, त्यामुळे त्यातले काही ठिसूळ निघाले. बाहेरून बघून कुठला ते कळत नाही. अशी रायफल आजोबांची असो की रूझवेल्टची, ती झाडू नये.

रेमिंग्टन ७०० ही १९६२ सालची, लाखोंनी खपलेली रायफल. तिच्या चापाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी आणि खटले झाले. २०१४ मध्ये कंपनीनं एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवल्या, आणि जुन्या वॉकर चापांबाबतही न्यायालयातल्या तडजोडीतून बदलाची तरतूद झाली. तुमच्याकडे जुना चाप असेल तर तो आधी बदला, मग बाकीचं बोला. बघा, इथे भाग बदलण्याला कारण आहे. कारण असलं की माझा कस्टमला विरोध नाही.

तिसरं कारण शरीर. थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का खांद्याला सोसत नसेल, तर माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि कितीही सराव केला तरी सुधारत नाही. आधी दस्त्याला रबराची गादी आणि कमी धक्क्याची काडतुसं वापरून बघा. दस्ता लांब पडत असेल तर कापून घ्या. तरी जमत नसेल तर खुशाल नवी घ्या. २००७ मध्ये आलेलं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर हे हलक्या धक्क्याचं काडतूस या कामाला उत्तम आहे. डावखुऱ्या माणसाला डाव्या हाताचा बोल्ट हवा असेल, तर तेही खरं कारण. पण ‘सगळे क्रीडमूर घेतायत’ हे कारण नव्हे. १९०६ च्या थर्टी-ऑट-सिक्सनं किंवा १९२५ च्या टू-सेव्हन्टीनं छातीत लागलेल्या गोळीला हरीण जुनी म्हणून परत पाठवत नाही.

आणि ज्यांना हौसच आहे, सुटे भाग जुळवण्यात आनंद मिळतो, त्यांनी जरूर कस्टम करावं. हौस हे पुरेसं कारण आहे. मीही घरी कीबोर्डाची बटणं बदलत बसतो. पण त्यामुळे माझा कोड सुधारतो असं मी बॉसला सांगत नाही. तुमच्या हौसेला हरणाबद्दलच्या कर्तव्याचं नाव देऊ नका, एवढंच मागणं आहे.

आपली मंडळी

आता थोडं आपल्यातल्यांसाठी. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर कायदा त्याला सूट देतो. त्यामुळे एच-वन-बीवरची काही मराठी, तेलुगू, पंजाबी पोरं या वाटेला येतात. त्यांना वडिलोपार्जित रायफल नसते, म्हणून ‘जुनी की नवी’ हा प्रश्न नसतो असं वाटेल. प्रत्यक्षात तो जास्त असतो. दोन महिने व्हिडिओ बघायचे, स्प्रेडशीट करायची, आणि सगळ्यात वरच्या स्पेकची रायफल आणि तिच्याहून महाग दुर्बीण घ्यायची. फोन घेताना करतो तेच. शिकायला लागणारा वेळ पैशांनी भरून काढायची आपल्याला सवय लागली आहे. क्लास लावला की अभ्यास झाला, जिमची फी भरली की व्यायाम झाला.

फोनचा कॅमेरा चांगला असला तर वाईट हातातूनही फोटो बरा येतो, कारण आतलं सॉफ्टवेअर चूक झाकतं. रायफलीत तसं काही नाही. तिथे हात थरथरला तर गोळी थरथरते.

तुमच्याकडे वारसा नसेल तर वापरलेली घ्या. प्रत्येक गावातल्या दुकानात मागच्या भिंतीला कुणाच्या तरी वडिलांच्या रायफली उभ्या असतात, ज्यांच्या मुलांनी ‘अपग्रेड’ केलं. ओळखीची तपासणी आणि फॉर्म नव्या रायफलइतकाच. मी तशीच घेतली. तिच्या दस्त्याच्या तळाला चाकूनं कोरलेली दोन आद्याक्षरं आहेत. कुणाची ते मला माहीत नाही, पण तो माणूस सराव करणारा होता, कारण बोल्टची मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे.

आठ इंचांची प्लेट

ज्यांना हे सगळं पटलं नाही, त्यांच्यासाठी एक चाचणी. आठ इंच व्यासाच्या कागदी प्लेटा घ्या. पाच वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जा. प्रत्येक दिवशी थंड नळीची पहिली गोळी तेवढीच मोजायची, कारण जंगलात तुम्हाला तीच मिळते. टेबल नाही, पिशव्या नाहीत. बसून किंवा गुडघ्यावर. पन्नास यार्डांपासून सुरुवात करा. पाचपैकी पाच गोळ्या प्लेटमध्ये असतील तर पन्नास यार्ड तुमचे झाले. मग पुढच्या पाच दिवशी पंच्याहत्तर. मग शंभर. ज्या अंतरावर पाचातली एक बाहेर जाते, त्याच्या अलीकडे तुमची हद्द. त्या हद्दीपलीकडचं हरीण कितीही मोठ्या शिंगांचं असलं तरी ते तुमचं नाही.

आणि हो, त्याच दिवशी तुमच्याहून चांगल्या नेमबाजाच्या हातात तुमची तीच रायफल द्या. त्याच्या गोळ्याही विखुरल्या, तर दोष रायफलीत आहे. जा, दुरुस्त करा, नाहीतर नवी घ्या, माझी काही हरकत नाही. त्याच्या गोळ्या प्लेटमध्ये बसल्या, तर पाकीट खिशात ठेवा आणि पुढच्या शनिवारसाठी काडतुसांचं एक खोकं घेऊन या.